टप उघडणारी, खिशाला झेपणारी: ब्रिटनमध्ये जुनी टू-सीटर घेणाऱ्यांसाठी

मी माझी पहिली उघडी गाडी जून महिन्यात घेतली, रविवारी, स्वच्छ ऊन पडलेलं असताना. निम्मी चूक तिथेच झाली. मोठं सहा सिलिंडरचं इंजिन, चामड्याच्या सीट, बटण दाबलं की टप आपोआप मागे. किंमत ऐकून तर वाटलं, समोरच्याला गाडीची किंमतच कळलेली दिसत नाही. त्याला चांगली कळली होती. तेरा महिन्यांत टॅक्स, विमा आणि दुरुस्ती मिळून जवळजवळ गाडीच्याच किमतीएवढे पैसे गेले आणि शेवटी मी ती आणली त्याच्या निम्म्याने विकली.

दुसरी गाडी जानेवारीत घेतली, बारीक पाऊस आणि चार अंश तापमान असताना. २००८ ची माझदा एमएक्स-५, दोन लिटरची. ती अजून दारात आहे.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पुणे-पिंपरीकडची बरीच मंडळी कॉव्हेंट्री आणि आसपास येऊन राहिली आहेत. गाड्यांत काम करणारी माणसं, त्यामुळे दरवर्षी मार्च उजाडला की कोणीतरी विचारतंच, "अरे, ती तुझी छप्पर उघडणारी गाडी, तशी एखादी मला पण बघायचीय. बजेट पाच-सहा हजार पौंड." दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतोय. यातलं बरंचसं ब्रिटनपुरतं आहे, कारण मी अनुभवलं तेवढंच लिहिणार.

एक गोष्ट आधीच सांगतो. "परवडणारी" हा शब्द खरेदीच्या दिवसाला लावू नका, दुसऱ्या वर्षाला लावा. आणि "मजेदार" हा शब्द हॉर्सपॉवरला लावू नका, वजनाला लावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

१. गाडी बघण्याआधी लायसन्स आणि विमा

भारतातल्या लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं. आपलं लायसन्स इथे सरळ बदलून मिळत नाही. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेला माणूसही इथे टेस्टला बसतो आणि आरशात न बघितल्याबद्दल नापास होतो. मी झालो होतो.

ही टेस्ट पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ६ पेनल्टी पॉइंट जमले की लायसन्स रद्द होतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वेगमर्यादा ओलांडल्याचे साधारण ३ पॉइंट पडतात. म्हणजे दोन कॅमेरे आणि खेळ खलास. उघडी गाडी घेणाऱ्याने हे गणित आधी पाठ करावं.

विम्याचं असं आहे, की तुमच्या मनातली गाडी विमा कंपनीला कशी वाटते हे गाडी विकत घेण्याआधी कळतं, आणि फुकट कळतं. जाहिरातीतला नंबर टाकून तुलना करणाऱ्या वेबसाइटवर कोटेशन काढा. पसंत पडलेल्या तीन-चार मॉडेलसाठी हे करा. नव्या ब्रिटिश लायसन्सवर काही वेळा विमाच गाडीच्या निम्म्या किमतीला जातो. मग मॉडेल बदला, किंवा एक वर्ष साधी हॅचबॅक चालवून नो-क्लेम जमवा आणि मग या. वर्षभर थांबल्याने काही बिघडत नाही, ही गाडी पुढच्या वर्षीही विकायला असणारच.

दोन सापळे. एक, गाडी तुम्हीच चालवणार असताना विमा अनुभवी बायकोच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर काढायचा. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती सरळ फसवणूक धरली जाते. दुसरा, आधीच्या मालकाने केलेले बदल. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना मोठा आवाज करणारा सायलेन्सर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, वेगळी चाकं असं काहीतरी असतंच. ते विमा कंपनीला सांगितलं नाही, तर दावा करायच्या वेळी तीच सबब पुढे येते.

२. टॅक्स आणि शहरातला प्रवेश

इथला रस्ता कर गाडी पहिल्यांदा कधी रजिस्टर झाली त्यावर ठरतो आणि त्यात गमती आहेत. १ मार्च २००१ च्या आधीच्या गाडीला इंजिनाच्या आकाराप्रमाणे कर. सीमारेषा १५४९ सीसीवर. एमएक्स-५ चं त्या काळातलं लहान इंजिनही १६०० सीसीच्या आसपासचं, म्हणजे पन्नास सीसीसाठी वरच्या गटात. त्यानंतर मार्च २०१७ पर्यंतच्या गाड्यांना धुरातल्या कार्बन डायऑक्साइडप्रमाणे.

खरा खड्डा आहे २३ मार्च २००६ ही तारीख. या दिवसापासून रजिस्टर झालेली आणि किलोमीटरला २२५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी वरच्या पट्ट्यात जाते, आणि तिचा वर्षाचा कर आता ७०० पौंडांच्या वर आहे. तीच गाडी, तेच इंजिन, फेब्रुवारी २००६ मध्ये रजिस्टर झालेली असेल तर बराच कमी. मोठ्या इंजिनाच्या २००६-०७ च्या उघड्या गाड्या इतक्या स्वस्त का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. माझी पहिली गाडी कोणत्या महिन्यातली होती, ते तुम्ही ओळखलंच असेल.

लंडनच्या युलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या भागात, नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड आणि बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये ८ पौंड पडतात. पेट्रोल गाडी धुराच्या युरो ४ मानकात बसणारी असेल तर चालते. साधारण २००६ पासूनच्या बसतात, त्याआधीच्या काही बसतात आणि काही नाही. सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की दहा सेकंदांत कळतं. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

३. कोणती गाडी

इथे मी तटस्थ राहणार नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याने माझदा एमएक्स-५ पासून सुरुवात करावी आणि ती का नको याला काही ठोस कारण सापडलं तरच पुढे जावं.

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या छोट्या ब्रिटिश गाड्यांची कल्पना उचलायची आणि ती न गळणारी, रोज सकाळी सुरू होणारी जपानी गाडी म्हणून बनवायची, असा तो प्रकार. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोन सीट, हाताने उघडायचा टप. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यामुळे सुटे भाग मुबलक, माहीतगार मेकॅनिक गावोगाव, आणि प्रत्येक दुखण्याचं औषध कोणीतरी आधीच शोधून ठेवलेलं.

चार पिढ्या आहेत.

पहिली, १९८९ ते १९९७. डोळे उघडझाप करणारी, म्हणजे बॉनेटमधून वर येणारे हेडलाइट असलेली. दिसायला सगळ्यात गोड, पण आता ती हौशी संग्राहकांच्या हातात गेली आहे. चांगली स्वस्त मिळत नाही आणि स्वस्त चांगली मिळत नाही. जपानमधून आणलेल्या याच गाडीवर "युनोस रोडस्टर" असं नाव असतं. तिकडच्या बऱ्याच भागांत रस्त्यावर मीठ पडत नसल्याने त्या कधीकधी खालून स्वच्छ निघतात.

दुसरी, १९९८ ते २००५. मागची काच खरी काच झाली आणि हेडलाइट स्थिर झाले. चालवायला पहिलीच्याच तोडीची आणि सगळ्यात स्वस्त. पण गंजाचा सगळ्यात मोठा धोकाही हिलाच.

तिसरी, २००५ ते २०१५. थोडी मोठी, १.८ किंवा २ लिटर इंजिन, वर-खाली होणारं स्टिअरिंग. २००६ पासून हिच्यात बटणावर दुमडणारं पत्र्याचं छप्परही मिळतं आणि ते डिकीतली जागा खात नाही. जुने चाहते हिला नाकं मुरडतात. मला वाटतं, पाच-सहा हजारांत रोज वापरायची असेल तर हीच.

चौथी, २०१५ पासूनची. पुन्हा हलकी केली, हजार किलोच्या आसपास. १.५ लिटरचं १३१ हॉर्सपॉवरचं इंजिन किंवा दोन लिटरचं, आधी १६० आणि नंतर १८४ चं. पैसे असतील तर बाकी काही बघू नका, आणि १.५ ला कमी लेखू नका. ते इंजिन पिळून चालवता येतं आणि लायसन्सही शाबूत राहतं. फक्त या पिढीत डॅशबोर्डवर हातमोज्यांचा कप्पाच नाही, डिकी १३० लिटरची. आमच्या घरचं माप सांगतो: दहा किलो आट्याची एक पिशवी, पाच किलो तांदूळ आणि वर कोथिंबीर. संपलं. कॉव्हेंट्रीतल्या फोलसहिल रोडवर महिन्याचा किराणा भरायला जायचं तर दुसरी गाडी लागते.

आता बाकीच्या. टोयोटा एमआर२ ची तिसरी पिढी, इथे २००० ते २००६: इंजिन मध्यभागी, वजन टनभर, वळणावर माझदापेक्षाही चपळ. पण सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत एक्झॉस्टमधल्या छोट्या कॅटॅलिस्टचा (धूर शुद्ध करणाऱ्या जाळीचा) चुरा होऊन तो इंजिनात ओढला जातो आणि इंजिन तेल प्यायला लागतं. सामान सीटच्या मागच्या खणात, म्हणजे जवळजवळ नाहीच. पहिल्या बीएमडब्ल्यू झेड४ च्या टपाची मोटर अशा खळग्यात बसवलेली आहे की पाणी वाहून जायची भोकं तुंबली की ती बुडते. आणि पोर्शे बॉक्स्टर. हो, पाच-सहा हजारांत खरीखुरी पोर्शे मिळते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण तिच्याचसाठी असावी. पहिल्या पिढीच्या इंजिनातलं एक बेअरिंग इतकं बदनाम आहे, की ते बदलल्याची पावती असली तर जाहिरातीत सगळ्यात वर लिहितात. गाडी अप्रतिम आहे, पण तिची नवी किंमत जेवढी होती त्या हिशेबानेच तिचे भाग मिळतात. होंडा एस२०००, ९००० आरपीएमपर्यंत जाणारी, आता स्वस्तच राहिलेली नाही, म्हणून सोडून देतो.

आणि हो, सीटवर बसून बघितल्याशिवाय कुठलंच मॉडेल ठरवू नका. पहिल्या दोन एमएक्स-५ मध्ये स्टिअरिंग जागचं हलत नाही. माझा सहा फुटी मित्र तिच्यात बसला तेव्हा गुडघे स्टिअरिंगला आणि डोकं टपाला, दोन्ही एकाच वेळी टेकले होते.

४. घरबसल्या निम्म्या गाड्या बाद करा

ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते (उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनंतर). आपल्याकडे पीयूसी दाखवतात तसं नाही हे, गाडी वर उचलून खालून टोचून बघतात. आणि प्रत्येक गाडीचा मागच्या बऱ्याच वर्षांचा इतिहास सरकारी वेबसाइटवर नुसता नंबर टाकून फुकट वाचता येतो. जगात इतकी उपयोगी गोष्ट सरकार फुकट देतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

वाचायचं कसं? पास-नापास बघू नका, खालची सूचनांची यादी वाचा. "कॉरोडेड बट नॉट सीरियसली वीकन्ड" असं लिहिलेलं दिसलं तर अर्थ असा, की गंज आहे, यंदा सोडतोय. तीच सूचना तीन वर्षं ओळीने आली आणि चौथ्या वर्षी अचानक गायब झाली, तर दोनच शक्यता. वेल्डिंग झालं, मग पावती मागा. किंवा वरून काळा डांबरी लेप फासला, मग पुढची गाडी बघा. मैलांचे आकडेही वर्षावर्षाने चढत गेलेले दिसले पाहिजेत. वर्षाला दोनशे मैल चाललेली गाडी ऐकायला बरी वाटते, पण उभी राहून सडलेली असू शकते.

मग पैसे भरून करायची इतिहास-तपासणी. गाडीवर कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का, विमा कंपनीने मोडीत काढली होती का. ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांना एस आणि एन असे वर्ग देतात: एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एन वर्गातली चांगली दुरुस्त केलेली गाडी घेणारे लोक आहेत. पहिल्यांदा घेत असाल तर तुम्ही घेऊ नका. दहा-वीस पौंड वाचवायला ही तपासणी टाळली आणि गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज निघालं, तर कर्ज देणारी कंपनी त्या गाडीवर हक्क सांगू शकते.

५. बघायला कधी जायचं आणि काय न्यायचं

नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा टप उघडणाऱ्या गाड्यांना गिऱ्हाईक नसतं, विकणारा फोन पहिल्या रिंगला उचलतो. पाऊस असेल तर उत्तम, टप गळतो का हे विचारावंच लागत नाही.

सोबत ठेवा:
- टॉर्च, मोबाइलचा नाही, खरा
- जुनी चादर किंवा पोत्याचा तुकडा, खाली झोपायला
- छोटं लोहचुंबक, मऊ फडक्यात गुंडाळून
- लिटरभर पाण्याची बाटली
- २००१ नंतरची गाडी असेल तर इंजिनाचे कोड वाचणारं स्वस्तातलं यंत्र
- एक असा मित्र, ज्याला गाडीत काहीही रस नाही

शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. माझ्याबरोबर बायको होती. मी स्टिअरिंगला हात लावून भारावलेला असताना तिने विचारलं, "पायाखालचा गालिचा ओला का आहे?"

फोनवर एवढंच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कारण विचारा.

६. उंबरा तपासा

दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा जो पोकळ पत्रा असतो, त्याला इथे सिल म्हणतात. मी त्याला उंबराच म्हणतो. छप्पर नसलेल्या गाडीत सगळी ताकद या उंबऱ्यात आणि खालच्या सांगाड्यात असते, कारण वरून धरून ठेवायला काही नाही. तो सडला म्हणजे घराचा उंबरा नाही, तुळईच गेली.

हिवाळ्यात इथे बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर खडे मीठ टाकतात, आणि ते मीठ खालून पत्रा खातं. कोकणात समुद्राकाठच्या गाड्यांचं होतं तसंच, फक्त इथे समुद्र रस्त्यावर येतो. पण पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ मध्ये गंज आतून सुरू होतो, आणि हे लोकांना माहीत नसतं. टपावर पडलेलं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली, मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडायचं असतं. गाडी झाडाखाली उभी राहिली, पानांचा कुजका चिखल नळीत बसला, की पाण्याला बाहेरची वाट राहत नाही. ते शिरतं उंबऱ्यात. बाहेरून रंग चकचकीत, आत लोखंडाचा भुगा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

म्हणून क्रम असा. मागच्या चाकाच्या कमानीचा पुढचा भाग आणि उंबऱ्याचा मागचा शेवटचा एक फूट, तिथे बोटांनी चाचपा. रंग फुगलेला, पापडासारखा वाटला तर आत छिद्र आहे असंच धरा. मग फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. चिकटत चिकटत एका जागी सुटलं, तर तिथे पत्रा नाही, पुटी आहे. मग चादर टाकून खाली झोपा. दुसऱ्या पिढीत पुढच्या बाजूचे, इंजिनाच्या दोन्ही अंगांना पुढून मागे जाणारे दोन लांब बीम जरूर बघा. ते दुहेरी पत्र्याचे असतात आणि दोन पत्र्यांच्या मध्ये सडतात. तिथली दुरुस्ती उंबऱ्यापेक्षा महाग, आणि सस्पेन्शन तिथेच जोडलेलं असल्याने एमओटीत सुटका नाही: अशा जोडांच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमजोर झालेला दिसला की गाडी नापास.

खाली सगळीकडे ताजा काळा लेप दिसला तर खूश होऊ नका. एका विक्रेत्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "मागच्याच महिन्यात पूर्ण अंडरसील केलंय." मी नखाने खरवडलं तर लेपासकट पत्र्याची खपली हातात आली. दोघंही काही वेळ त्या खपलीकडे बघत राहिलो. दोन्ही बाजूंचं वेल्डिंग आणि रंगकाम धरून एका गॅरेजने मला १४०० पौंड सांगितले होते, तेव्हा गाडी २१०० ला होती.

थकलेलं इंजिन बदलता येतं, क्लच बदलता येतो, फाटका टप बदलता येतो. तुटक्या टपाची, ओरखडे पडलेली, पण खालून कोरडी आणि घट्ट गाडी मिळाली तर ती घ्या.

७. टप

तो तुम्ही स्वतः उघडा आणि बंद करा, तीनदा. विकणाऱ्याला करू देऊ नका, त्याला कुठे दाबायचं ते माहीत असतं. घडीच्या रेषांवर आणि मागच्या कोपऱ्यांवर कापड विरलंय का बघा. मग विचारून, टपाच्या मागच्या खाचेत बाटलीतलं पाणी हळूहळू ओता. मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर धार लागली तर नळी मोकळी. पाणी आत गेलं आणि बाहेर आलंच नाही, तर मागच्या पायरीतलं सगळं पुन्हा एकदा तपासा.

सीटच्या मागचा आणि पायाखालचा गालिचा हाताने दाबा, डिकीतला स्पेअर चाकाचा खळगा बघा. पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरीही डिकीतच असते. तिथे नेहमीची कुठलीही बॅटरी चालत नाही, वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच लागते. भलतीच बसवलेली दिसली तर आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो.

८. चालवून बघणं

आधी तुमच्या विम्यात दुसऱ्याची गाडी चालवायची मुभा आहे का बघा, बहुतेकांच्या नसते. एका दिवसाचा विमा मोबाइलवर मिळतो.

थंड इंजिन सुरू करताना निळा धूर, म्हणजे तेल जळतंय. जुन्या एमएक्स-५ मध्ये सुरुवातीला शिलाई मशीनसारखी टकटक येते आणि थोड्या वेळाने जाते, तिला घाबरू नका. गार असताना दुसरा गिअर अडतो, हाही या गाडीचा जन्मजात हट्ट. पण गरम झाल्यावरही दुसऱ्यात टाकताना करकर आवाज आला, तर गिअरबॉक्स थकला. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढली जाते का? मागच्या ब्रेकचे कॅलिपर (पॅड दाबणारे चिमटे) अडकणं ही नेहमीची तक्रार, खर्च फार नाही, पण किंमत कमी करायला कामाची. पहिल्या दोन पिढ्यांत टायमिंग बेल्ट साधारण ६०,००० मैलांना बदलतात. पावती नसली तर बदललाच नाही असं धरून पैसे वजा करा. पुढच्या दोन पिढ्यांत साखळी आहे.

टायर बघा. चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे, अनोळखी नावांचे असतील तर त्या माणसाने बाकी देखभालही तशीच केलेली असणार. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं. खोली शाबूत पण वय दहा वर्षं, असे टायर ओल्या रस्त्यावर साबणासारखे वागतात, आणि मागच्या चाकांनी ढकलली जाणारी हलकी गाडी मग राउंडअबाउटवर उलटं तोंड करून उभी राहते.

९. कागद आणि पैसे

मागायचे कागद:
- व्ही५सी, म्हणजे लाल रंगाचं लॉगबुक. त्यावरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळवून बघा, पत्ता तुम्ही उभे आहात त्याच घराचा हवा
- एमओटीचे आणि सर्व्हिसचे कागद, बेल्ट आणि वेल्डिंगच्या पावत्या
- दोन्ही किल्ल्या
- दोघांच्या सहीची साधी पावती: तारीख, रक्कम, नंबर, मैल

लॉगबुक हा मालकीचा पुरावा नाही, तो फक्त नोंदणीधारक कोण ते सांगतो. तसं त्याच्यावरच छापलेलं असतं. पण "व्ही५सी पोस्टाने येतंय, उद्या पाठवतो" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. व्यवहार झाल्यावर विकणारा तुमचं नाव ऑनलाइन कळवतो आणि तुम्हाला हिरवा तुकडा फाडून देतो. त्याच्यावरच्या क्रमांकावर तुम्ही कर भरायचा. आधीच्या मालकाचा कर तुमच्याकडे येत नाही. विमा आणि कर दोन्ही झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका, नंबर वाचणारे कॅमेरे सगळीकडे आहेत.

डीलरकडून घेतली तर दोष निघाल्यास पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करायचा हक्क कायद्याने मिळतो. क्रेडिट कार्डाने थोडी रक्कम जरी दिली आणि गाडीची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त व ३०,००० पर्यंत असेल, तर पूर्ण किमतीला कार्ड कंपनीही जबाबदार राहते. घरगुती विक्रेत्याकडून घेतलीत तर यातलं जवळजवळ काही नाही. तो खोटं बोलला नाही एवढंच तुम्ही मागू शकता. म्हणून तर ती गाडी स्वस्त असते. कोण नक्की काय आहे हेही बघा: स्वतःला घरगुती म्हणवणाऱ्या एका गृहस्थाच्या अंगणात मी चार टू-सीटर ओळीने उभ्या बघितल्या आहेत.

"परत जाताना घेऊन जाईन" हा विचार ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनी आत्ताच काढून टाकावा. भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि करांनी किंमत दुपटीच्या वर जाते.

१०. पहिला आठवडा

तेल आणि फिल्टर बदला, आधीच्या मालकाने कालच बदललं असं सांगितलं तरी. दोन लिटरवाल्या तिसऱ्या पिढीत दर दोन-तीन टाक्यांमागे तेलाची पट्टी काढून बघायची सवय लावा. मग चारही चाकांचं अलाइनमेंट चांगल्या ठिकाणी करून घ्या. खर्च टायरच्या एका जोडीपेक्षा कमी, आणि माझ्या गाडीत त्याने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही.

नंतर बक्स्टनहून मॅकल्सफील्डला जाणारा ए५३७ घ्या, लोक त्याला कॅट अँड फिडल म्हणतात. वळणं आंबा घाटाची आठवण करून देतील, झाडी मात्र अजिबात नाही. तिथे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, मर्यादा ताशी ५० मैल. टप खाली, काचा वर, हीटर पायांवर पूर्ण सोडलेला, डोक्यावर कानटोपी. ऑक्टोबरमध्येही चालतं. हलक्या गाडीला ५० पुरतात.

पहिल्या पिढीची घेतली असेल तर टप पाडण्याआधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन उघडा आणि ती सपाट झोपवा. गारठ्यात तर ते प्लास्टिक पापडासारखं मोडतं. आणि पडद्याच्या दांडीला लावतात ती लवचीक तार मिळते ना, तिचा हातभर तुकडा डिकीत ठेवा. पानगळ संपली की एकदा आणि उन्हाळ्याच्या आधी एकदा, दोन्ही नळ्यांत हळूच फिरवायची. जोरात ढोसू नका, तळाची रबरी नळी निसटते आणि पाणी पुन्हा उंबऱ्यात.